दारातली कोरी जागा

३ जानेवारी, शुक्रवार

पनवेलला आलो. टेम्पो डोंबिवलीहून साडेनऊला निघाला, पावणेबाराला सामान आत. एकही काच फुटली नाही, कारण बांधाबांध मी स्वतः केली होती. हमाल म्हणाला, काका, लग्नाच्या भांड्यांनाही कुणी एवढं गुंडाळत नाही. म्हणूनच त्यांना पोचे येतात, असं मी त्याला सांगितलं.

जागा मनासारखी. जुन्या पनवेलात, मोहल्ल्याच्या तोंडाशी चार मजली इमारत. तळमजल्यावर गाळा, मागे एक खोली आणि मोरी. पुढे दुकान, मागे मी. गाळ्याचं तोंड उत्तरेला, त्यामुळे उजेड दिवसभर सारखा. चित्रांचं काम करणाऱ्याला आणखी काय हवं? पायरी मात्र इमारतीशी जुळत नाही. सगळीकडे गुळगुळीत फरशी आणि माझ्या दाराशी एकसंध काळा दगड. लांबी पाच फूट दोन इंच, उंची नऊ इंच, डावा कोपरा तिरका फुटलेला. मधोमध पावलांनी खोलगट झालाय. जुना असणार.

पाटी लावली: ‘चारुदत्त. जुनी चित्रं, फोटो, नकाशे: दुरुस्ती व फ्रेम.’ खाली पदवी नाही, कारण नाहीच. चोवीस वर्षं विमा कचेरीत कारकुनी करून हे काम मी माझ्या चुकांकडून शिकलो. कलाशाळेतले लोक माझ्याकडे बघून हसतात आणि मग त्यांचीच चित्रं गुपचूप माझ्याकडे पाठवतात.

आता ही वही रोज लिहायची. कामाची मापं, रंग, तारखा. बायको, वसुंधरा, होती तोवर तिच्या लक्षात राहायचं सगळं. तीन वर्षं झाली ती जाऊन.

६ जानेवारी, सोमवार

झाडलोट आणि पोळीभाजीला मालूताई येतात, करंजाड्याहून. तोंडाने फटकळ, हाताने स्वच्छ. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की तुमी बाई आनलीव ती कामाला, तवा तुमी मागं मागं झाडायचा नाय. मी झाडत नव्हतो, फक्त कोपरे दाखवत होतो.

९ जानेवारी, गुरुवार

पहिलं मोठं काम. फहमिदाताई आल्या. मोहल्ल्यात सगळे त्यांना टीचर म्हणतात. उर्दू शाळेतून गेल्या वर्षी मुदतीआधीच निवृत्त झाल्या. जुन्या चादरीत गुंडाळलेलं जलरंगातलं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं, पण पालथं. वडिलांचं आहे म्हणाल्या. अबरार पेंटर. पोटासाठी दुकानाच्या पाट्या, हौसेसाठी जलरंग. सव्वीस तारखेला पनवेलच्या जुन्या चित्रकारांचं प्रदर्शन आहे, तिथे हे हवंय. मागचा पुठ्ठा, चित्राभोवतीचा माउंट आणि काच बदलायची. ब्रश लावायचा नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला थोडं लागलं. मी काय शाळकरी पोर आहे?

चित्र पंधरा इंच बाय अकरा. विषय: मीठवाल्यांचं घर. मिठागरांवर पैसा केलेल्या कुटुंबाचं दुमजली घर, १९९१ साली पाडलं. कौलारू छप्पर, वर लाकडी सज्जा, सज्जात पाच खिडक्या. माणूस पक्क्या नजरेचा होता. कौलांच्या ओळी मोजल्या, एकही चुकलेली नाही. पाच खिडक्यांतला अंधार पाच तऱ्हांचा आहे.

आणि मग पायरी बघितली. एकसंध काळा दगड, डावा कोपरा तिरका फुटलेला, मधोमध खोलगट. लांबी-उंचीचं प्रमाण काढलं. बाहेर जाऊन पुन्हा दगड मोजला. तोच. म्हणजे ते घर इथेच होतं आणि मी त्याच्या दारातच बसलोय. मालूताईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, मंग भाडं कोनाला देता, त्याला का ह्याला? दिवसभर खूश होतो.

११ जानेवारी, शनिवार

चित्र फ्रेममधून सोडवलं. भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं की ते अपुरं आहे.

मधलं मोठं दार उघडं काढलंय, आत गडद सावली. त्या सावलीत मध्यभागी कागद कोरा सोडलाय. उंची बावीस मिलिमीटर, रुंदी सात. झिजलेलं नाही, कीड नाही. रंगाची कड कोरलेल्यासारखी. जलरंगात पांढरा लावत नाहीत, कागद सोडतात. म्हणजे तिथे उजेडातलं काहीतरी येणार होतं. आकार उभ्या माणसाचा. शिवाय चौकटीवर, डाव्या बाजूला, पाण्याने उचललेल्या रंगाचा पुसट डाग. तळहात आणि चार बोटं. आधी हात काढला, मग पुसला.

मला उलगडलं. त्यांच्यातले काही लोक माणसाचं चित्र काढत नाहीत. हात काढून झाल्यावर बिचाऱ्याला मनात खटकलं असणार आणि जागा तशीच राहिली. पस्तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

रेवाचा पुण्याहून फोन. प्रदर्शनासाठी शनिवारी पंचवीसला येते म्हणाली, दोन दिवस राहीन, बाबा, एक सांगायचंय पण समोरासमोर. मी फार विचारलं नाही. लेक येणार. मागच्या खोलीत गादी टाकायला हवी.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

केलं. फहमिदाताईंना आधी सांगितलं नाही. पूर्ण झालेलं पाहिल्यावर त्या बोलणार नाहीत.

नियम पाळूनच केलं. दुरुस्ती कधीही परत काढता आली पाहिजे, म्हणून कागदात मुरणारा एकही रंग वापरला नाही. ओल्या ब्रशने सगळा सुटेल. नऊ इंचाच्या पायरीवरून प्रमाण काढलं. बावीस मिलिमीटर म्हणजे पाच फूट साडेसहा इंच, नेमकी माझी उंची. मग दुसरा नमुना कशाला शोधा? माझ्या दारात उभा राहिलो, उजवा हात चौकटीवर, डाग होता तिथेच, आणि फोन स्टुलावर ठेवून फोटो काढला. निळा सदरा, राखाडी पँट, चष्मा. अकरा दहाला सुरुवात, बारा पस्तीसला शेवटचा ठिपका.

चित्र जिवंत झालं. इतकी वर्षं त्या घराला माणूसच नव्हता.

मालूताईंनी तिळगूळ दिला, चित्र बघितलं आणि म्हणाल्या, सोताला बरा घुसवलाव की.

१५ जानेवारी, बुधवार

मालूताई झाडता झाडता थांबल्या. ह्यो मानूस काल उबा होता ना, म्हणाल्या, आज बसलाय. दमला असंल. आणि हसत मोरीकडे गेल्या.

बसलाय. उंबऱ्यावर, गुडघे जवळ घेऊन, उजवा हात अजून चौकटीवर. मोजला. पंधरा मिलिमीटर. सदऱ्याला बसल्यावर पडतात तशा चुण्या. मी त्या काढलेल्या नाहीत, पण ब्रशची ढब माझी आहे.

काल फोनवर चित्राचे फोटो घेतले होते. त्यांतही तो बसलेलाच. वहीतला आकडा मात्र माझ्या हस्ताक्षरात तसाच आहे. बावीस.

उजेडाचा भास असेल. उद्या पुन्हा मोजतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

काल पंधरा. आजही पंधरा.

दुपारी फ्रेमच्या पट्ट्या कापत होतो. पुढचं आठवतं ते असं की मी बाहेरच्या काळ्या दगडावर बसलोय, गुडघे जवळ घेऊन, उजवा हात दाराच्या चौकटीवर. तीन वाजून दहा मिनिटं. कापायला घेतलं तेव्हा दोन वीस होते. समोरचा भाजीवाला म्हणाला, तासभर तुम्हाला हाक मारतोय, काका. तास नाही, पन्नास मिनिटं.

बूड गार पडलं होतं. पन्नास मिनिटं बसूनही दगड तसाच गार.

१८ जानेवारी, शनिवार

सज्जातली डावीकडून दुसरी खिडकी. नऊ तारखेला मी लिहिलंय की पाच खिडक्यांत पाच तऱ्हांचा अंधार. आज दुसऱ्या खिडकीत अंधार नाही. कोरा कागद आहे. उंची अकरा मिलिमीटर, वर गोल, मग निमुळतं, मग रुंद. डोकं, मान, खांदे.

रंग उडालेला नाही. कड कोरलेली आहे. जणू पहिल्यापासून सोडलेली जागा.

गडद रंग कालवून ती जागा भरली. चार वाजता वाळली. पाच वाजता पुन्हा पांढरी होती.

फहमिदाताईंना फोन केला. येता का, एवढंच म्हणालो. त्यांनी विचारलं, ब्रश लावलात?

२० जानेवारी, सोमवार

आज आल्या. चित्र बघून खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, प्यायल्या नाहीत. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, चारुदत्तभाई, तुम्हाला काय वाटलं, मजहबपायी अब्बांनी माणूस सोडला? अहो, सिनेमाच्या बोर्डांवरचे चेहरे रंगवून त्यांनी आम्हाला वाढवलं. मोहल्ल्यात त्यांच्याइतक्या मिशा कुणी काढल्या नसतील. माणूस त्यांनी फक्त या दारात काढला नाही.

त्यांचं सांगणं जसंच्या तसं लिहितो.

मीठवाल्यांच्या घरात रिवाज होता, दार रिकामं सोडायचं नाही. लग्न असो, मय्यत असो, घरातलं एक माणूस दारात बसून राहायचं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. घरातली माणसं एकेक करून संपली, काही आखातात गेली, शेवटी दारात कुणीच उरलं नाही. पाडायच्या आदल्या आठवड्यात अब्बा समोर बसून हे चित्र काढत होते. दारात जरा माणूस हवा म्हणून स्वतःलाच काढायला घेतलं. आधी हात काढला. दुसऱ्या दिवशी वरच्या खिडकीत एक जागा कोरी झाली. त्याच दुपारी फहमिदाताई, तेव्हा एकोणीस वर्षांच्या, घरातून निघून त्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. बांगड्या काढून हातात घेतल्या होत्या. कशाला आले ते मला आजही सांगता येत नाही, म्हणाल्या. एवढंच ठाऊक की आत मला जागा होती.

त्या घराला दारात माणूस मिळाला की ते त्याची माणसं मागतं.

अब्बांनी तिथेच ओल्या बोळ्याने चित्रातला हात पुसला. खिडकी काळी झाली. लेक भानावर आली. अब्बांचा उजवा हात मात्र त्या दिवसापासून खांद्यापासून लुळा. पुढच्या पाट्या त्यांनी डाव्या हाताने रंगवल्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, सौदा महाग नाही झाला, फक्त हातच काढला होता.

मी विचारलं, जाळलं तर? त्या म्हणाल्या, आत बसलाय त्याचं काय होईल, ते तुम्हीच सांगा. मग रडल्या. घर पडलं, अब्बाही गेले, आता काय उरलंय असं वाटलं, म्हणून बाहेर काढलं. तुम्हाला तीनदा सांगितलं होतं.

हो. तीनदा.

मी फक्त हात नाही काढला. मी पूर्ण काढला. चष्म्यासकट.

२१ जानेवारी, मंगळवार

ठरवलं की दुकान बंद करून डोंबिवलीला जायचं, भाच्याकडे, रेवाला तिकडेच बोलवायचं. अकराला निघालो. पायरीवर पाऊल ठेवलं, दुसरं पुढे टाकायला गेलो तर कमरेखाली काही नाही. बधिर. मागे सरकलो की पाय परत येतात. सात वेळा केलं. सातही वेळा दगडाच्या बाहेरच्या कडेशी.

मालूताई बाजारातून येताना दिसल्या. मी दारात चौकट धरून उभा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आत टेबलाकडे. पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, काका, माजा हात धरा. धरला. त्यांनी ओढलं. ताकदीची बाई आहे. त्यांचा पाय घसरला, मी तसाच.

त्या म्हणाल्या, मी येईन, पन आत येनार नाय. डबा पायरीच्या खाली ठेवून गेल्या. हात लांब करून घेतला.

२२ जानेवारी, बुधवार

दुसऱ्या खिडकीत, मोठ्या जागेच्या शेजारी, आणखी एक. छोटी. तीन मिलिमीटर. काल नव्हती.

तीन मिलिमीटर उंचीचं माणूस या प्रमाणात नऊ इंचाचं होतं. एवढं माणूस नसतं. मी पुन्हा मोजलं.

मग कळलं. बसून राहिलो.

रेवाला फोन केला. येऊ नकोस म्हणालो. का? तब्येत बरी नाही. काय होतंय? मला खोटं नीट बोलता येत नाही, पाय बधिर होतात असं तोंडातून गेलं. मग मीच विचारलं, तुला जे सांगायचंय ते आत्ता सांग. ती हसली, म्हणाली, बाबा, तुम्ही ना. मग सांगितलं. पाचवा महिना सुरू झालाय.

२३ जानेवारी, गुरुवार

चूक केली. पाय बधिर म्हणालो, ती म्हणाली हा झटका आहे. डॉक्टरांची वेळ घेतलीय, शनिवारची वाट बघत नाही, उद्याच निघते. नको म्हणालो. ओरडलो. आयुष्यात तिच्यावर ओरडलो नव्हतो. ती म्हणाली, म्हणजे नक्कीच काहीतरी झालंय.

मग खरं सांगितलं, सगळं. ती शांतपणे ऐकून घेते हे मला आवडायचं. शेवटी म्हणाली, बाबा, दार उघडं ठेवा, मी येतेय.

दार उघडं ठेवा—

फहमिदाताईंना फोन केला. गाडी आली की रस्त्यातच थांबवा म्हणालो. त्या म्हणाल्या, थांबवीन. पण मला त्या दिवशी चौघांनी धरलं होतं, भाई. चौघांना नाही थांबवता आलं.

खिडकीतली मोठी जागा आज तेरा मिलिमीटर. पुढे झुकलीय. सज्जातून खाली रस्त्याकडे बघावं तशी.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी ८.४०. रेवा निघाली. गाडी तीच चालवतेय.

९.५५. खोपोली ओलांडली. फोनवर आवाज वेगळा. झोपेतल्यासारखा. म्हणाली, बाबा, बांगड्या टोचतायत, काढून ठेवल्या.

जावईबापूंना फोन लावला. ते कामावर. लागत नाही.

१०.०५. पाण्याची वाटी, दोन नंबरचा ब्रश, टिपकागद. डाव्या हातात ब्रश, उजव्यात पेन. उजवा हात शेवटी पुसायचा. लिहायला लागेल. किती पुसलं की खिडकी मिटते याची नोंद हवी. अबरार पेंटरना संधी मिळाली नाही. मला आहे.

रंग सुटेल. नियम पाळला होता.

१०.११. पावलं पुसली. टिपकागदावर राखाडी. दुखत नाही. खाली बघितलेलं नाही. खुर्चीवरून घसरू नये म्हणून स्वतःला पट्ट्याने बांधलंय.

मोठी जागा तेरा. फरक नाही.

१०.१९. गुडघ्यांपर्यंत. मोठी जागा नऊ. कडा विरघळतायत. अंधार परत येतोय, तोच, त्याच तऱ्हेचा.

रेवाचा फोन. मी कुठे आहे, बाबा? भानावर होती. कळंबोलीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला गाडी लावलीय. रडत होती. तिथेच थांब म्हणालो. थांबते म्हणाली.

चालतंय. म्हणजे हे चालतंय.

१०.३१. कंबर, पोट, निळा सदरा. निळा लवकर सुटला, उत्तम प्रतीचा होता. श्वास घ्यायची गरज वाटत नाही. घेतोय सवयीने. मोठी जागा चार.

कागद पूर्ण पांढरा होत नाही. पुसट डाग राहतो. राहू दे.

१०.४०. ब्रश उजव्यात घेऊन डावा हात पुसला. मोठी मिटली. छोटी अजून तीन आहे. तशीच. हललेली नाही.

बाहेर फहमिदाताई काहीतरी पढतायत, पायरीखाली उभ्या राहून. मालूताई त्यांच्या शेजारी. दोघी आत बघत नाहीत. बरं आहे.

१०.४४. चेहरा. आधी चष्मा. अंधूक. ओळी सरळ आहेत का ते कळत—

छोटी दोन. दोनच आहे ना. बोटाने चाचपतोय. कागद कोरा जिथे तिथे बोटाला खरखर लागते. दोन.

फोन वाजतोय. रेवा असेल. घेत नाही, हात एकच आहे

आता फक्त हात राहिला. चौकटीवरचा. ब्रश दातांत, तेवढंच तोंड सोडलंय

छोटी एक. मिटेल. हात गेला की मिटेल

रेवा. चित्र फहमिदाताईंना दे. दारातली जागा कोरीच असू दे. पुढे कधी कुणी शहाणा आला आणि म्हणाला की हे राहून गेलंय, मी पूर्ण करतो, तर त्याला ही वही दाखव आणि सांग की